उशीखालचा दाखला

कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि स्टॅम्पपेपरवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत अक्का पुस्तकं बांधते. मी तिला वीस वर्षं ओळखतो. मी एका वकीलबाईंचा कारकून. सुट्या कागदांचे गठ्ठे तिच्याकडे न्यायचे आणि बांधलेले खंड घेऊन यायचं, एवढाच आमचा संबंध. तिचं काम असं चोख की तिनं शिवलेला खंड मधोमध उघडून टेबलावर ठेवला तर पानं आपली आपण मिटत नाहीत. खळ ती स्वतः शिजवते, पुठ्ठा स्वतः कापते, आणि कण्यावर कापड ओढताना ओठ इतके घट्ट मिटते की त्या वेळी तिच्याशी बोलायची कुणाची टाप नसते.

एरवीही तिच्याशी फारसं कुणी बोलत नसे. ती कुणाशी वाईट वागायची असं नाही. पण आत्ताच कुणीतरी रांगेत आपल्या पुढे घुसलंय, असा भाव तिच्या तोंडावर कायमचा वस्तीला होता.

पुढे घुसणारी खरोखरच होती. धाकटी बहीण, सात वर्षांनी लहान. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती एका लाँड्रीची गाडी चालवायची; हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. दुपारी काम संपलं की बहिणीच्या खोलीत येऊन बसायची, आणि ती आली की गल्लीला जाग यायची. झेरॉक्सवाला मशीन बंद करून दारात उभा राहायचा. स्टॅम्पपेपरवाला, जो सख्ख्या भावाला सही करायला पेन देताना टोपण स्वतःकडे ठेवून घ्यायचा, तो तिला आपली खुर्ची द्यायचा. मीही काही वेगळा नव्हतो. अक्काकडे माझं पाच मिनिटांचं काम असायचं. भिंगरी असली की ते अर्ध्या तासाचं व्हायचं.

अक्का हे सगळं बघायची आणि सुई ओढायची.

हा धंदा त्यांच्या वडिलांचा. त्यांनी तो थोरलीला शिकवला. दहाव्या वर्षापासून तिच्या हातात दाभण. तिनं काही केलं की वडील उलटून-पालटून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." धाकटीनं एकदा, पाच वर्षांची असताना, एका वहीला वाकडंतिकडं कव्हर चिकटवलं, तर वडिलांनी ती वही आल्यागेल्याला दाखवण्यासाठी फळीवर मांडून ठेवली. ते गेल्यावरही ती तिथंच राहिली. अक्का मला एकदा म्हणाली होती, "वडिलांनी धंदा मला दिला, आणि कौतुक तिला." तेव्हा ते मी विनोदावारी नेलं होतं.

आता घडलं ते सांगतो.

एका दुपारी साडेतीनच्या सुमाराला लाँड्रीच्या गाडीनं एका गोदामाच्या रखवालदाराला उडवलं. तो सायकलवरून कामावर निघाला होता. गाडी थांबलीच नाही. त्या माणसाचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. गाडी कोणती ते चार जणांनी पाहिलं, कोण चालवत होतं ते कुणीच पाहिलं नाही. लाँड्रीत त्या गाडीचे दोन चालक होते, भिंगरी आणि एक पुरुष. किल्लीच्या वहीत सकाळी किल्ली घेतल्याची भिंगरीची सही होती. परत ठेवल्याची नव्हती. ती म्हणाली, "मी तीनला किल्ली खिळ्याला अडकवली, सही करायची राहिली, आणि तडक अक्काकडे गेले." दुसरा चालक म्हणाला, आपण त्या दिवशी गाडीला हातही लावला नाही.

भिंगरी खरं बोलत होती. त्या दुपारी सव्वातीनपासून सहापर्यंत ती अक्काच्या खोलीत होती. एका शाळेचे हजेरीपट बांधायचे होते, आणि नको नको म्हणताना भिंगरीनं मदतीला बसून एका पटाचं कव्हर उलटं चिकटवलं. अक्कानं ते फाडून पुन्हा केलं आणि शाळेकडून संध्याकाळी पोचपावती घेतली, तिच्यावर तारीख होती. दोघे शेजारी त्या दिवशी जाग्यावर नव्हते. झेरॉक्सवाला गावाला गेलेला, स्टॅम्पपेपरवाल्याचं दुकान बंद. म्हणजे भिंगरीच्या बाजूनं बोलणारी जगात एकच व्यक्ती, तिची थोरली बहीण.

खटला आमच्या वकीलबाईंकडे आला. सरकारी पक्षाचे साक्षीदार झाले. बचावाच्या साक्षीची तारीख लागली, आणि तारखेच्या तीन दिवस आधी अक्काचं पोट असं दुखायला लागलं की तिला उचलूनच इस्पितळात न्यावं लागलं. पित्ताशयात खडे. ऑपरेशन झालं. त्या काळी पोट चांगलं वीतभर कापत.

तारखेच्या दिवशी वकीलबाईंनी मुदत मागितली. न्यायाधीश म्हणाले, "डॉक्टरचा दाखला आहे?" बाई म्हणाल्या, उद्या देते. न्यायाधीशांनी एक दिवस दिला. वरून हुकूम आला होता की जुने खटले महिनाअखेर निकालात काढा, आणि ते हातातलं घड्याळ काढून समोर ठेवूनच बसायचे.

त्या दुपारी इस्पितळात काय झालं ते मला फार पुढे अक्कानंच सांगितलं. पण जिथं घडलं तिथंच सांगतो.

दाखला तिनं सकाळीच घेतला होता. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा स्वतः मागून, सही-शिक्का बघून, घडी घालून उशीखाली ठेवला होता. देण्यासाठीच ठेवला होता. चार वाजता आई आली.

आई बसली नाही. पिशवी हातात तशीच. "दिला का डॉक्टरांनी कागद?"

अक्का म्हणाली, "आई, जरा पाणी दे."

आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "चार दिवस झाले, पोरीच्या पोटात अन्न नाही. रडत नाही, काही नाही, नुसती माझ्याकडे बघून हसते. मला ते हसणं बघवत नाही. आणि तुलाही नेमकं आत्ताच आजारी पडायचं होतं."

शेजारच्या पेशंटच्या बायकोनं अक्कासाठी दोन संत्री ठेवली होती. आईनं ती उचलून पिशवीत घातली. "तुला अजून चालायची नाहीत. तिला नेते."

अक्का सांगत होती, "भाऊ, त्या संत्र्यांपर्यंत मी ठीक होते. संत्री पिशवीत गेली आणि माझ्या आत काहीतरी आंबलं."

"दिला का कागद?" आईनं पुन्हा विचारलं.

"उद्या देतो म्हणालेत."

"अगं उद्या अकराला कोर्ट आहे."

"मग मी काय करू? टाके घेऊन डॉक्टरच्या मागे धावू?"

आई आली तशी गेली. अक्का उशीवर डोकं ठेवून पडून राहिली. तिचा हिशेब सरळ होता. कोर्टात तारीख मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत. ज्या खटल्यांच्या फायली ती बांधायची त्यात वकिलाला सर्दी झाली म्हणून तारीख, कारकुनाच्या मेव्हण्याचं लग्न म्हणून तारीख. इथं तर खरं ऑपरेशन. एक दिवस जाईल, त्या दोघी एक दिवस तळमळतील, आईला दुसऱ्यांदा यावं लागेल, आणि दुसऱ्यांदा येईल तेव्हा कदाचित बसेल. इतकंच तिच्या मनात होतं, असं ती म्हणते. माझा विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला वकीलबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की दाखला अजून मिळालेला नाही. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, निदान दुपारपर्यंत द्या, माझा माणूस इस्पितळात जाऊन येईल. तो माणूस मी. चपला घालून दाराशी तयार उभा होतो. न्यायाधीश म्हणाले, "काल दिला होता वेळ." आणि लिहून घ्यायला सांगितलं: साक्षीदार आजारी असल्याचा कोणताही पुरावा नाही; अर्ज वेळकाढूपणाचा दिसतो; नामंजूर. बचावाचा पुरावा संपला असं समजून त्याच दिवशी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकलं. आठवड्यानं निकाल. दोन वर्षं.

शिक्षा ऐकताना भिंगरीनं मागे वळून आईकडे पाहिलं आणि ती खरंच हसली. मग तिला नेलं.

अक्कानं घरी आल्यावर दाखला निमूटपणे आईच्या हातात दिला. आईनं आमच्याकडे आणला. वकीलबाईंनी खटला नव्यानं चालवावा म्हणून त्याच न्यायाधीशांकडे अर्ज केला. त्यांनी दाखल्यावरची तारीख बघितली. तारीख होती ती अर्ज नामंजूर झाल्याच्या आदल्या दिवशीची. मग हा कागद हजर का केला नाही? खुलासा नाही. नामंजूर. आम्ही शाळेची पोचपावती शोधून काढली, उलट्या कव्हरची हकिकत जोडली आणि दुसरा अर्ज केला. ही पावती आधीही मिळू शकली असती, असं म्हणून तोही नामंजूर.

ती तारीख माझ्याही नजरेत आली होती. मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, डॉक्टर लोक मागची तारीख घालतात. मला पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. आजारातून उठलेल्या बाईला काय विचारायचं, हा भिडस्तपणा.

राहिलं अपील. वरच्या कोर्टात ते दाखल झालं, पण जामीन मिळाला नाही, आणि भिंगरी आत राहिली. घरात आता भिंगरीखेरीज विषय नव्हता. आई पंधरा दिवसांतून एकदा भेटीला जायची आणि उरलेले चौदा दिवस भेटीची तयारी करायची. अक्का कामावरून आली की आई सांगायची: तिला थंडी वाजते, तिला वरची खिडकी मिळाली नाही, तिला त्या निळ्या शालीची आठवण येते. निळी शाल अक्काची होती. ती गेली.

दोन महिन्यांनी अक्का आईबरोबर तुरुंगात भेटायला गेली. तिला वाटलं होतं, धाकटी खंगलेली असेल, कोपऱ्यात बसलेली असेल. खरं सांगायचं तर, तिनंच मला सांगितलं, तिला ते बघायचंच होतं. जाळीपलीकडे भिंगरी आली ती केस कापून. मागे दोन बायका हसत होत्या. ही आत बायकांना गाडी शिकवत होती, जेवणाची थाळी स्टिअरिंग म्हणून धरून. क्लच पायाखालच्या विटेचा. जाळीशी उभी असलेली पहारेकरीण अक्काला म्हणाली, "तुमची बहीण सुटली की आम्हाला करमायचं नाही हो."

अक्काच्या मनात आलं, जेलमध्ये जाऊनही लाडकी हीच.

आईनं आपलं सगळं सांगून झाल्यावर भिंगरी अक्काकडे वळली. "टाके भरले का गं? पाठीला उशी घेऊन बसत जा. तू वाकून शिवतेस ना, ओढ बसेल."

आजारपणानंतर दोन महिन्यांत अक्काला हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. आईनं नाही, मी नाही, शेजाऱ्यांनी नाही. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. अक्काला संताप आला. विचारायचं तेही हिनंच? माझ्या आजारपणाची काळजी करण्याचं पुण्यसुद्धा हिच्याच खात्यात? ती म्हणाली, "भरले."

मग पेपरबुक आलं.

अपिलात खालच्या कोर्टाचे सगळे कागद, साक्षी, अर्ज, हुकूम, क्रमानं लावून बांधून द्यावे लागतात. त्याला पेपरबुक म्हणतात. पाच प्रती. मी गठ्ठे घेऊन अक्काकडे गेलो. कुणाचं पेपरबुक आहे ते सांगायची गरज नव्हती. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "कधी हवंय?"

बाइंडर कागद वाचत नाही, पानांचे आकडे बघतो. पण माझ्या हातून आकड्यांचा शिक्का दोन पानांवर मारायचा राहिला होता. ती पानं कुठं लावायची ते कळण्यासाठी तिला वाचावी लागली. एक होतं मुदत नाकारल्याच्या हुकमाचं, दुसरं फेरखटला नाकारल्याच्या हुकमाचं. दोन्ही एकाखाली एक तिच्या हातात. पहिल्यात: आजारपणाचा पुरावा नाही. दुसऱ्यात: दाखला आदल्या दिवशीचा आहे, तो हजर का केला नाही याचा खुलासा नाही.

तोपर्यंत तिची समजूत होती की एका दिवसानं काही बिघडलं नसतं, ते न्यायाधीश होतेच तसले, त्यांनी कसंही नाकारलंच असतं. रोज कण्यावर कापड ओढावं तशी ती समजूत ती मनावर ओढून घेत होती. आता तिच्याच हातात, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं, की दार बंद झालं ते त्या कागदापायी. एकदा नव्हे, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं ऑफिस उघडायच्या आत ती पायरीवर बसलेली. पाची प्रती बांधून आणल्या होत्या. काम अर्धवट टाकायची तिला सवय नाही. वकीलबाई आल्यावर तिनं प्रती टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "यात एक पान कमी आहे."

"कुठलं?" मी घाबरलो.

"माझं."

आणि मग उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं. उशी, संत्री, सगळं. मध्ये एकदाही थांबली नाही. वकीलबाई ऐकत होत्या. माझं डोकं भडकलं. मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी मी चपला घालून उभा होतो." बाईंनी मला हातानं गप्प केलं.

"मला पकडतील का?" अक्कानं विचारलं.

"आईशी खोटं बोलणं हा गुन्हा नाही," बाई म्हणाल्या. "असता तर तुरुंगात उभं राहायला जागा उरली नसती. पण हे शपथेवर सांगावं लागेल. सगळ्यांसमोर वाचलं जाईल. आणि याचा उपयोग होईलच असं नाही. कोर्ट म्हणू शकतं, साक्षीदारच लबाड, मुदत देऊन काय झालं असतं?"

"लिहा."

मी टाइप करायला बसलो. कारण लिहायच्या जागी बाईंनी सांगितलं, "कौटुंबिक गैरसमजामुळे, असं घाल."

"गैरसमज नव्हता," अक्का म्हणाली. "मला तिचा हेवा वाटत होता. तसंच लिहा."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तसंच लिही," त्या मला म्हणाल्या. कारकुनीच्या पंचवीस वर्षांत मी शेकडो शपथपत्रं टाइप केली. राग, वैर, लोभ, नशा, सगळं आलं. हेवा हा शब्द पहिल्यांदाच आला.

आईला तिनं स्वतः सांगितलं, कोर्टातून कळायच्या आधी. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. सगळ्या घड्या झाल्यावर तिनं आपल्या घड्या वेगळ्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि मावशीकडे राहायला गेली.

अपिलाच्या सुनावणीला आई आणि अक्का वेगवेगळ्या बाकांवर बसल्या होत्या. दोन न्यायमूर्ती होते. शपथपत्र वाचून झाल्यावर त्यातले वयस्कर म्हणाले, "म्हणजे दाखला तुमच्याच साक्षीदारानं लपवला. त्याचा फायदा तुमच्या पक्षकाराला कसा द्यायचा?"

वकीलबाई म्हणाल्या, "माझी पक्षकार त्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात होती. उशीखाली काय आहे ते तिला कुठून माहीत असणार? आणि दाखला उशीखाली असो नाहीतर हातात, टाके पोटातच होते. साक्षीदार इस्पितळात आहे हे खोटं असं सरकारी पक्षानंही कधी म्हटलेलं नाही. एक फोन केला असता तर कळलं असतं. बचावाचा हा पहिलाच मुदतीचा अर्ज होता. सरकारी पक्षाला त्याच खटल्यात पाच तारखा मिळाल्या होत्या. पाचही या पेपरबुकात आहेत."

त्या पाच तारखांची पानं न्यायमूर्तींनी एकेक करून उलटली. खंड उघडा ठेवला की उघडाच राहत होता, हे मी लांबून बघत होतो.

निकाल तीन आठवड्यांनी आला. आरोपीकडे एकच साक्षीदार होती. ती ऑपरेशन होऊन पडली असताना दुपारपर्यंतचा वेळसुद्धा न देणं म्हणजे बचावाची संधीच न देणं. फेरखटल्याचे अर्ज फेटाळतानाही त्या साक्षीचं मोल पाहिलं गेलं नाही. शिक्षा रद्द. खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे पुन्हा चालवावा. भिंगरीला जामीन. अकरा महिन्यांनी ती बाहेर आली आणि मावशीच्या घरी गेली.

नव्या खटल्यात अक्का साक्षीला उभी राहिली तेव्हा मी भिंतीला टेकून होतो. तो रखवालदारही कुबडी घेऊन आला होता. पहिल्या खटल्यातही एक दिवस चुकवला नव्हता त्यानं. अक्कानं सव्वातीनची वेळ सांगितली, उलटं कव्हर सांगितलं, शाळेची पावती दाखवली.

सरकारी वकील तरुण होते. त्यांनी उलटतपासणी अशा सुरात सुरू केली की जणू निम्मं काम झालंच आहे. "तुमची सख्खी बहीण आहे. तुम्हाला एकच बहीण. तिच्यावर तुमचा फार जीव असणार."

"नाही," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"मला तिचा हेवा वाटतो. लहानपणापासून. माझं शपथपत्र तुमच्या फायलीत आहे, वाचा. तिला तुरुंगात बघून मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं होतं."

सरकारी वकिलांनी फाइल चाळली.

"मग आज तिला वाचवायला का आलात?"

"वाचवायला नाही आले. ती त्या दिवशी माझ्याकडे होती. माझं एक कव्हर फुकट घालवलं तिनं. नसती तर बरं झालं असतं. पण होती."

न्यायाधीशबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच साक्षीदाराकडे नीट पाहिलं. निकालपत्रात त्यांनी पुढे लिहिलं की ही साक्षीदार नात्यातली असली तरी तिला आरोपीविषयी ममता नाही, उलट असूया आहे. तिनं तिच्या बाजूनं खोटं बोलावं असं एकही कारण दिसत नाही. एवढ्या एका वाक्यानं भिंगरी निर्दोष सुटली. आयुष्यभर जे पोटात लपवलं, तेच कोर्टानं खरेपणाचा पुरावा म्हणून धरलं.

निकालानंतर रखवालदार व्हरांड्यात बाकावर बसला होता. भिंगरी त्याच्यापाशी गेली, शेजारी बसली, दोघं काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. पोलिसांनी दुसऱ्या चालकाचा शोध सुरू केला, पण तो केव्हाच लाँड्री सोडून गेला होता. त्या माणसाच्या पायाला आजवर जबाबदार कुणीच नाही.

भिंगरी अक्काच्या खोलीवर आली ती पुढच्या आठवड्यात. मी तिथंच होतो, उठायला लागलो तर ती म्हणाली, "बसा." ती हसली नाही. झेरॉक्सवाला दारात आला आणि तिचा चेहरा बघून मागे फिरला.

"अकरा महिने, अक्का," ती म्हणाली.

"हो."

"संत्री आईनं मला दिली होती. मी खाल्लीही नाहीत. कुजली. तू मला सांगितलं असतंस, की तुला माझा इतका त्रास होतो, तर मी इथं येणं बंद केलं असतं. मला वाटायचं तुला माझी सोबत लागते."

अक्का म्हणाली, "लागायची पण."

भिंगरी उठली. मग म्हणाली, "मला राग आलाय. तो जाईल की नाही माहीत नाही. पण मी येईन अधूनमधून. आईलाही पाठवते घरी. मावशीच्या घरात तिची कुरकुर कुणाला सोसत नाही."

तसंच झालं. आई महिन्याभरानं परत आली. भिंगरी आता एका शाळेची बस चालवते, रविवारी घरी येते. ती आली की आईच्या तोंडावर दिवा लागतो, आणि गेली की विझतो. नातेवाइकांत, गल्लीत, सगळीकडे एकच बोललं जातं: काय मन आहे पोरीचं, एवढं होऊनही बहिणीला माफ केलं. स्टॅम्पपेपरवाला तर दर गिऱ्हाइकाला ऐकवतो.

मागच्या महिन्यात मी एक गठ्ठा घेऊन गेलो होतो. स्टॅम्पपेपरवाल्याचं तेच पुराण बाहेर चाललं होतं. अक्का पुस्तकं दाबायच्या शिकंज्याची मूठ आवळत ऐकत होती.

"बघा," ती मला म्हणाली. "चूक माझी, शपथपत्र माझं, भर कोर्टात अब्रू माझी गेली. आणि वाहवा कुणाची?"

"अजून हेवा वाटतो?" मी विचारलं.

"वाटतो की. कमी झालाय असंही नाही." तिनं मूठ आणखी अर्धा फेरा फिरवली. "पण आता सरकारदरबारी नोंद आहे त्याची. लपवायची कटकट गेली. रविवारी ती आली, आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली, तर मी सरळ म्हटलं, आई, मला पोटात दुखतंय हे बघून. दोघी माझ्याकडे बघायलाच लागल्या."

"मग?"

"मग आई म्हणाली, इकडे ये. मी नाही गेले. हातात खळ होती." तिनं माझ्या गठ्ठ्याच्या कडा ठोकून सारख्या केल्या. "कधी हवंय हे?"